थांब्याच्या चार पावलं पुढे

आमच्याकडे बस थांब्यावर थांबत नाही, थांब्याच्या आसपास थांबते. कधी चार पावलं पुढे, कधी दहा पावलं मागे, आणि बहुतेक वेळा मधल्या लेनमध्ये, म्हणजे फूटपाथ आणि बस यांच्यामधून एखादी ॲक्टिव्हा आरामात निघून जाईल एवढी जागा सोडून. आणि ती ॲक्टिव्हा जातेच, वर हॉर्नही वाजवते. शहराचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण तुम्ही तुमच्या शहराचं नाव घातलंत तरी पुढची एक ओळही बदलावी लागणार नाही.

मी हे सगळं बारकाईने बघायला लागले ते सासूबाईंमुळे. त्यांची आख्खी नोकरी मुंबईत झाली, रोज बेस्टच्या बसने जाणं-येणं, त्यामुळे बस हा त्यांचा हक्काचा विषय. आता आमच्याकडे राहायला आल्यात, दोन्ही गुडघे बोंबलतायत, तरी रिक्षात बसायला तयार नसतात. "रिक्षात बसलं की मीटर बघत बसायचं, बसमध्ये माणसं तरी बघता येतात," असं त्यांचं म्हणणं. मग मी त्यांच्यासोबत थांब्यावर उभी असते, आणि बस आली की आमची दोघींची जी काही धावाधाव होते ना, ती बघून कुणालाही वाटेल की या बाईला कुठे नेऊ नये. पण तसं काही नाहीये, बस जर फूटपाथला लागून उभी राहिली तर सासूबाई माझ्या आधी चढतात. खोटं नाही, खरंच. घोळ सगळा त्या मधल्या ॲक्टिव्हाएवढ्या जागेचा आहे.

म्हणजे बघा. फूटपाथची उंची सहा इंच, १५ सेंटीमीटर धरा. लो-फ्लोअर बसचा फ्लोअर रस्त्यापासून साधारण ४० सेंटीमीटरवर असतो. फूटपाथवरून थेट बसमध्ये पाय टाकला तर चढ उरतो २५ सेंटीमीटरचा, म्हणजे आपल्या जिन्याच्या पायरीपेक्षा थोडा जास्त, गुडघेवाल्या माणसाला दांडा धरून जमण्यासारखा. आणि बस लांब उभी राहिली की आधी फूटपाथवरून खाली उतरा, मग रस्त्यावरून सगळेच्या सगळे ४० सेंटीमीटर चढा. बरं, ही झाली लो-फ्लोअरची गोष्ट. आपल्याकडे अजून कितीतरी बसचे फ्लोअर ६५ नाहीतर ९० सेंटीमीटरवर आहेत, तिथे आत दोन-तीन पायऱ्या, आणि त्यातली पहिलीच अशी उंच की साडी सावरायची, पिशवी सांभाळायची का दांडा धरायचा हे आधी ठरवावं लागतं. बस नवी घ्यायची म्हणजे कोट्यवधींचं टेंडर, ते समजू शकते. पण हे २५ आणि ४० मधलं अंतर बस फूटपाथला चिकटवली की फुकटात मिळतं, आणि तेच नेमकं मिळत नाही.

मग ड्रायव्हर चिकटवत का नाही? आधी मी पण ड्रायव्हरलाच शिव्या घालायचे. मनातल्या मनात, कधी कधी मोठ्याने. एकदा बस बराच वेळ सिग्नलला अडकली होती, मी पुढच्याच सीटवर, तर विचारलंच. तो म्हणाला, "ताई, लावायला जागा कुठे ठेवलीय? तुमचीच माणसं रस्त्यात उभी असतात, त्यांच्या अंगावर घालू का?" आणि खरं होतं ते. तेव्हापासून मी थांब्यावर बसकडे बघायचं सोडून माणसांकडे बघायला लागले, की ही माणसं शेड सोडून रस्त्यात का येतात.

कारण शेडमधून बस दिसतच नाही! शेडच्या ज्या बाजूने बस येते त्याच बाजूला उभीच्या उभी जाहिरात लावलेली असते, कधी ज्वेलर्सची, कधी क्लासवाल्यांची टॉपर पोरांच्या फोटोंसकट. आता शेड बांधायला पैसे जाहिरातवाल्याकडून येतात हे मान्य, आणि जाहिरात कुठे लावली तर जास्त दिसेल, तर येणाऱ्या गाड्यांच्या तोंडावर, म्हणजे बरोब्बर तिथेच जिथून आपल्याला बस बघायचीय. मग पहिला माणूस बाहेर येऊन डोकावतो, त्याच्यामुळे दुसऱ्याला दिसत नाही म्हणून तो फूटपाथच्या कडेला, तिसरा खाली रस्त्यात, आणि पाच मिनिटांत सगळा थांबा डाव्या लेनमध्ये उतरलेला असतो. मोकळी शेड बघून तिथे रिक्षावाले येतात, शेअर रिक्षा तर हमखास, शेडच्या मागे कुणीतरी स्कूटर लावतं, पावसाळ्यात कडेला डबकं साचतं कारण गटाराची जाळी रस्त्याच्या पातळीपेक्षा वर बसवलेली. एवढं सगळं डाव्या बाजूला जमल्यावर बस मधल्या लेनमध्येच थांबणार, आणखी कुठे थांबेल. आणि बस तिथे थांबते हे माहीत झालं की माणसं पुढच्या वेळी आधीपासूनच तिथे उभी. एका जाहिरातीच्या बोर्डापासून सुरुवात होऊन सासूबाईंच्या गुडघ्यापर्यंत प्रकरण येतं ते असं.

शेडबद्दल बोलायला लागले की मी थांबत नाही, घरच्यांना माहितीय. बसायला स्टीलचा पाईप, तोही पुढे उतरता, म्हणजे कुणी झोपू नये म्हणून, पण त्यावर कुणी बसूही शकत नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही वाटतं, आणि मे महिन्यात तो इतका तापतो की त्यावर भाकरी शेकून निघेल. शेड जमिनीपासून एक पायरी वर, म्हणजे थांब्यावर जायलाच चढायचं. छपरावर ठळक अक्षरात अमुक यांच्या निधीतून, तमुक यांच्या प्रयत्नाने, हात जोडलेला फोटो. आणि कुठली बस येते, किती नंबरची, किती वाजता, शेवटची कधी, हे मात्र एका ओळीतही नाही. काही थांब्यांवर जुनी पाटी आहे त्यावरचे नंबर बंद पडून काही वर्षं झाली असतील. दिवा असतो, लागत नाही, त्यामुळे रात्री आठनंतर बायका शेडमध्ये उभ्याच राहत नाहीत, पलीकडच्या पानटपरीच्या उजेडात उभ्या राहतात, आणि बस दिसली की तिथून पळत येतात. आता रात्री रिकामी शेड बघून ड्रायव्हरला वाटतं की कुणी नाहीये, तो निघून जातो. त्याचं तरी काय चुकलं.

आता वेळेचं बोलू, कारण मला वाटतं खरा मुद्दा तिथे आहे. म्हाताऱ्या माणसांची सोय म्हटलं की लगेच सगळ्यांचा चेहरा कसा होतो, दया आल्यासारखा, हो हो केलं पाहिजे, बजेट असलं की करू. आणि बस वेळेवर हवी म्हटलं की मग कंट्रोल रूम, जीपीएस, ॲप, इलेक्ट्रिक बस. दोन वेगळी खाती, दोन वेगळ्या फायली. पण थांब्यावर उभं राहून बघितलं तर दोन्ही एकच काम आहे हो. सासूबाईंना चढायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ अख्खी बस उभी असते, मागे सीटवर बसलेला तो इंजिनियर पोरगापण, ज्याला वाटतं की ॲक्सेसिबिलिटी वगैरे आपला विषय नाही.

ढोबळ गणित सांगते. बस फूटपाथला लागून असेल, दार मोठं असेल तर एका माणसाला चढायला तीन सेकंद धरा. लांब उभी असेल, खाली उतरून परत चढायचं असेल, तर पाच. धडधाकट माणसाचं सांगतेय. एका थांब्यावर सहा माणसं चढली आणि रूटवर तीस थांबे असले तर त्या दोन-दोन सेकंदांची सहा मिनिटं होतात, जाऊन-येऊन बारा. दिवसभरात एक बस जेवढ्या फेऱ्या मारते त्या सगळ्यांची मिळून एक फेरी सहज निघेल यातून, आणि त्यासाठी नवी बस, नवा ड्रायव्हर, काही लागत नाही. एखाद्या आजोबांना वीस सेकंद लागतात, पाळण्यातलं पोर घेऊन चढणाऱ्या बाईला पंधरा, ते यात धरलेलंच नाही.

पण ही सहा मिनिटं नुसती वाया जात नाहीत, ती पुढे आणखी गोंधळ घालतात. अर्धा तास एक बस नाही आणि मग एकाच नंबरच्या तीन एकदम, हा अनुभव नसलेला माणूस दाखवा. आपण म्हणतो डेपोत चहा पीत बसले असतील. पण चहा न पिताही हे होतं, आणि होतं ते थांब्यांवरच. समजा दर दहा मिनिटांनी बस आहे आणि पहिली दोन मिनिटं लेट झाली, कुठेतरी कुणाचा पाय वर जाईना म्हणून. पुढच्या थांब्यावर आता दहा मिनिटांच्या जागी बारा मिनिटांची माणसं जमलेली, त्यांना चढायला जास्त वेळ, बस आणखी लेट, त्याच्या पुढच्या थांब्यावर तेरा मिनिटांची माणसं. तिच्या मागच्या बसला मात्र प्रत्येक ठिकाणी कमीच माणसं, आठ मिनिटांची, सात मिनिटांची, ती भराभरा पुढे येते आणि शेवटी पहिलीला गाठते. मग पुढची खचाखच भरलेली आणि मागची रिकामी, दोन्ही एकामागे एक, आणि आपण त्या पुढच्याच बसला लोंबकळतो कारण मागची येईल न येईल कुणी सांगावं. एकदा ही जोडी जमली की आपोआप सुटत नाही, कुणीतरी मागचीला मुद्दाम थांबवून धरावं लागतं. म्हणजे सुरुवातीची ती दोन मिनिटं वाचवणं स्वस्त, नंतरचं निस्तरणं महाग.

या बाबतीत सासूबाईंची मुंबई मला खरंच हुशार वाटते. बेस्टची पहिली बस १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली, ही तारीख आमच्या घरात लहान पोरांनापण पाठ आहे, इतक्यांदा ऐकलीय. त्या सांगतात ते रांगेचं. थांब्यावर लोखंडी दांडे असायचे, त्यात रांग लावायची, मागच्या दाराने चढायचं, पुढच्या दाराने उतरायचं. मी आधी म्हणायचे की आई, मुंबईच्या शिस्तीचं कौतुक पुरे आता. पण रांगेमुळे काय होतं तर रांगेचं तोंड कुठे आहे हे ड्रायव्हरला लांबून दिसतं, तो बरोब्बर तिथे दार आणतो, दार तिथे येणार हे माहीत असतं म्हणून माणसं रांग सोडत नाहीत. एक मोडलं की दुसरं मोडतं. आमच्याकडे दार कुठे येईल हे दर वेळी वेगळं, मग रांग लावून करायचं काय? लोक बेशिस्त आहेत असं म्हणणं सोपं असतं. फूटपाथच्या कडेला एक पिवळा पट्टा आणि बसचं पुढचं चाक इथे, एवढं रंगवलं आणि ते पाळलं तर आमचीही माणसं रांग लावतील, मला खात्री आहे. मुंबईत काही वर्षांपूर्वी विनावाहक बस काढल्या होत्या, म्हणजे कंडक्टर बसमध्ये नाही, खाली थांब्यावर, तिकीट चढायच्या आधीच. लोकांनी त्यावर बऱ्याच तक्रारी केल्या आणि त्यात तथ्यही होतं, कंडक्टर नसला तर म्हाताऱ्या माणसाला हात द्यायला कोण? मलाही बसमध्ये मास्तर हवाच. पण खूप गर्दीच्या थांब्यावर एक माणूस खाली उभा राहून तिकीटं देतोय आणि वर चढवूनही देतोय, असं दोन्ही का नको?

नणंद लंडनला असते. सासूबाई तिच्याकडे जाऊन आल्या तेव्हा मला वाटलं आता राणीचा वाडा वगैरे सांगतील. आल्या आल्या पहिलं वाक्य, "अगं, तिकडे बस माझ्यासाठी खाली बसली, हत्ती बसतो ना तशी!" तिथल्या नेहमीच्या सगळ्या सिटी बस २००५ पासून लो-फ्लोअर आहेत, थांब्यावर फुसकन हवा सोडून दाराची बाजू जरा खाली येते, व्हीलचेअर असेल तर दारातून फळी बाहेर सरकते. एका चौकात पाच-सहा थांबे असले तर प्रत्येकाच्या डोक्यावर एक अक्षर लिहिलेलं, तुमची बस कुठल्या अक्षराला येते ते तक्त्यावर बघायचं आणि तिथे जाऊन उभं राहायचं. हे अक्षराचं मला फार आवडलं, कारण खर्च किती तर एका पत्र्याचा आणि रंगाचा. आमच्या स्टेशनच्या थांब्यावर बारा नंबरच्या बस एकाच शेडला येतात, एका वेळी तीन आल्या की तिसरी पार मागे उभी राहते, तिथेच माणसं घेते आणि पुढे शेडला न थांबता निघून जाते. तरणी पोरं पळत जातात मागे. बाकीच्यांनी हात हलवायचा.

माझा एक कॉलेजमधला मित्र आहे, त्याला दिसत नाही, बँकेत आहे, रोज बसने जातो. त्याचं म्हणणं, बसच्या आतमध्ये बाई मस्त बोलते, पुढील थांबा अमुक, पण मी बसच्या आत असलो तर मला उपयोग ना, मी बाहेर उभाय आणि बाहेर कुणी बोलतच नाही की ही किती नंबर आहे. तो शेजारच्याला विचारतो, शेजारचा फोनमध्ये. त्यातून तीन बस एकदम आल्या की आवाज तीन आणि दार कुठलं कुणाचं पत्ता नाही. आयआयटी दिल्लीच्या लोकांनी यावर ऑनबोर्ड नावाचं एक यंत्र बनवलं होतं, हातात छोटं बटण, दाबलं की जवळच्या बस आपला नंबर सांगतात आणि पाहिजे ती निवडली की तिच्या दाराशी लावलेला स्पीकर बोलतो, म्हणजे आवाजाच्या दिशेने चालत गेलं की दार. मुंबईत बेस्टच्या काही बसवर त्याची चाचणीही झाली. हे ऐकून मित्र म्हणाला, "मला यंत्र मिळालं तर छानच, पण तोपर्यंत ड्रायव्हरने काच खाली करून नंबर ओरडला तरी चालेल." रिक्षावाले ओरडतातच की, स्टेशन स्टेशन स्टेशन.

आणि डोळे असून तरी काय मोठं दिसतं. जुन्या बसच्या कपाळावर काळ्या कापडाची पाटी असायची, पांढरे ठळक आकडे, गल्लीच्या टोकावरून वाचता यायचे. आता एलईडी. त्यावर आधी मराठीत नाव सरकत जातं, मग इंग्रजीत, मग काहीतरी स्वच्छतेचा संदेश, आणि नंबर यायच्या आत बस समोरून गेलेली असते. उन्हात तर ते दिवे दिसतच नाहीत. नंबर कायम एका जागी स्थिर ठेवा, नाव काय सरकवायचं ते सरकवा, एवढी साधी गोष्ट, सॉफ्टवेअरमध्ये बदलायची, तेही होऊ नये? ॲपवर बस लाइव्ह दिसते आता बऱ्याच शहरांत आणि ते चांगलंच आहे. आमच्या थांब्यावर एक कॉलेजचा पोरगा असतो, त्याला सगळे विचारतात, "बघ रे, कुठवर आलीय?" एका पोराच्या फोनवर आख्खा थांबा चालतो, आणि ज्या दिवशी त्याला सुट्टी असते त्या दिवशी आम्ही सगळे परत रस्त्यात वाकून बघतो.

पिवळ्या खडबडीत फरशांचं तर विचारू नका. दृष्टिहीनांसाठी असतात त्या, रेघांच्या फरशा म्हणजे सरळ चालत राहा आणि ठिपक्यांच्या म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे. जपानमध्ये १९६७ साली पहिल्यांदा ओकायामा शहरात बसवल्या, तिथून जगभर गेल्या. आमच्याकडे फूटपाथ नवीन केला तेव्हा बसवल्या, दिसायला सुंदर, आणि त्या सरळ जाऊन शेडच्या खांबाला धडकतात. मित्राला मी विचारलं की तू वापरतोस का, तर तो हसायलाच लागला.

कायदा नाही असं नाही, कायदा व्यवस्थित आहे. २०१५ च्या डिसेंबरमध्ये केंद्राचं सुगम्य भारत अभियान सुरू झालं, म्हणजे दिव्यांगांना सगळं वापरता यावं म्हणून, त्यात मार्च २०१८ पर्यंत सरकारी बसपैकी निदान २५ टक्के पूर्ण सुगम करायचं ठरलं होतं. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला, पुढच्या वर्षी लागू झाला, त्यात बस, थांबे सगळं आहे. राजीव रतुरी म्हणून दिल्लीचे एक दृष्टिहीन कार्यकर्ते, त्यांनी २००५ साली सुप्रीम कोर्टात याचिका केली होती, की रस्ते, वाहतूक, इमारती आम्हाला वापरता येतील अशा करा. निकाल लागला २०१७ ला. तरी काही हलेना, मग परत सुनावण्या, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कोर्टाने या कायद्याखाली केंद्राने केलेला नियमच रद्द ठरवला, कारण कायदा म्हणतो केलंच पाहिजे आणि नियमातली भाषा नुसती सूचना केल्यासारखी, केलं तर बरं. मला हे वाचून आमचा थांबा आठवला. आमच्याकडेही सगळं केलं तर बरं या खात्यातलंच.

पैशाचं मात्र बरोबर लक्षात राहतं सगळ्यांना. बेस्टचं कमीत कमी भाडं २०१९ ला पाच रुपये केलं तेव्हा पेपरात मोठी बातमी, मे २०२५ ला दहा झालं तेव्हाही, लगेच जूनमध्ये पुण्यात पीएमपीचंही पाचाचे दहा, त्याचीही बातमी. एसटीत ७५ वर्षांवरच्या लोकांना २०२२ पासून फुकट, २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. चांगलंच केलं, आमच्या सासूबाई त्या कार्डावर सगळ्या मावश्या-मामेबहिणी फिरून आल्या. पण प्रत्येक वेळी एसटीत चढताना मागून कुणीतरी ढकललंय आणि पुढून कंडक्टरने ओढलंय. तिकिटात शंभर टक्के सवलत आणि पायरीत एक इंचाची नाही.

आणि नुसता पैसा ओतला की होतं असंही नाही. पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी सुरू झाली, देशातला पहिलाच प्रयोग, बसला वेगळी लेन, फार मोठी गोष्ट होती ती. पण थांबे ठेवले रस्त्याच्या मध्ये. तिथवर पोचायचं म्हणजे धावत्या गाड्यांमधून जायचं, त्यामुळे लेनमध्ये बस कितीही पळाली तरी गुडघेवाल्या माणसाचा प्रवास काठावरच अडला. पुढे नगर रस्त्यावरही बीआरटी झाली आणि काही वर्षांनी उखडून टाकली. मला त्यावेळी बसलेनच्या विरोधात बोलणाऱ्यांचा खूप राग यायचा, अजूनही येतो, बसला लेन हवीच. पण थांबा जर माणसाच्या पायाशी नीट जोडलेला नसेल तर लेन वाचवायला रस्त्यावर कोण येणार? अहमदाबादला २००९ मध्ये जनमार्ग नावाची बीआरटी सुरू केली, तिथेही थांबे मधोमधच, पण तिकीट आधी, ओटा बसच्या फ्लोअरच्या उंचीचा, पाय सरळ आत. चढण्यापुरतं तरी त्यांनी नीट डोकं लावलं.

थांबा नेमका कुठे असावा यावरही बरंच काही आहे. आमच्या चौकातला थांबा सिग्नलच्या अलीकडे. बस येते, सिग्नल हिरवा असतो, पण माणसं चढतायत म्हणून उभी, चढून झाली की लाल. म्हणजे परत एक मिनिट. तोच थांबा चौक ओलांडून पलीकडे नेला तर लाल सिग्नल एकदाच लागेल, शिवाय उतरलेली माणसं बसच्या पुढून रस्ता ओलांडण्याऐवजी मागून ओलांडतील, जे कमी धोक्याचं. तसंच ते फूटपाथ कापून बससाठी खाच करतात ना, दिसायला वाटतं किती सोय, पण त्यात एकदा बस शिरली की बाहेर पडायला कुणी जागा देत नाही, म्हणून ड्रायव्हर शिरतच नाहीत, आणि त्या खाचेत पार्किंग होतं. त्यापेक्षा उलटं करावं, थांब्यापुरता फूटपाथच लेनपर्यंत पुढे आणावा, बस सरळ येईल, सरळ उभी राहील, सरळ जाईल. मागच्या गाड्या दहा-वीस सेकंद थांबतील. थांबू देत. एका बसमध्ये पन्नास माणसं असतात.

मागच्या महिन्यात आमच्या भागात थांब्यांची फेररचना होणार म्हणून लोकांकडून सूचना मागवल्या होत्या. मी मोठ्या उत्साहाने लिहायला बसले, जाहिरात मागच्या बाजूला हलवा, नंबर लिहा, दिवा लावा, शेडला पायरीऐवजी उतार करा, सिग्नलचं, पिवळ्या पट्ट्याचं, सगळं. आणि त्यात लिहिलं की शाळेचा थांबा आणि दत्तमंदिराचा थांबा यांच्यात दोनशे मीटरसुद्धा नाहीयेत, एक काढावा, प्रत्येक थांब्याला ब्रेक, दार, परत वेग घेणं यात वेळ जातो. मी आपली खूश, की बघा किती शास्त्रशुद्ध. सासूबाई चष्मा लावून वाचत होत्या, तिथपर्यंत आल्या आणि कागद खाली ठेवला.

"कुठला काढायचा म्हणतेस?"

"आई, दत्तमंदिराचा. शाळेच्या थांब्यावर उतरून पाच मिनिटं चालायचं फक्त."

"तुझी पाच. माझी पंधरा."

आणि इथे माझ्याकडे उत्तर नाहीये. वर एवढं सगळं सांगितलं की म्हाताऱ्यांची सोय आणि बसचा वेळ एकच आहे, पण इथे ते एक नाहीयेत, सरळ भांडण आहे. थांबे लांब लांब केले तर बस पळते आणि सासूबाई रिक्षात जातात, जवळ जवळ ठेवले तर सासूबाई बसमध्ये आणि बस सावकाश. नवरा म्हणतो मधे कुठेतरी एकच थांबा ठेवा, दोघींच्या मध्ये. त्यावर त्या म्हणाल्या मधे फूटपाथ कुठाय, तिथे उकिरडा आहे. हेही खरंच. शेवटी मी ते वाक्य खोडलं, मग परत लिहिलं, मग त्यांनी स्वतःचा वेगळा कागद घेतला आणि स्वतःच्या अक्षरात वेगळी सूचना लिहिली, दत्तमंदिराचा थांबा हलवू नये, तिथे बस फूटपाथला लागून उभी करावी आणि चढताना दोन मिनिटं लागली तरी कंडक्टरने डबल बेल मारू नये. दोन्ही कागद एकाच पाकिटात घालून दिलेत. वाचणाऱ्याला कळायचं नाही की या घरातल्या लोकांना नक्की काय हवंय.